विलेमराव बँडच्या गाडीवर चढले

जावई असावा, पण असा? माझी प्रतिभा हॉलंडात नर्स होती. निवृत्त होऊन आमच्या गावी, कोरीटला आली ती हा विलेम घेऊन. म्हणे, ऑर्गनवर जाझ वाजवतो. बाराव्या वर्षी चर्चमध्ये वाजवायला बसला, मग हॉटेलांत, जहाजांवर, चाळीस वर्षं तेच. इथे आमच्या ओट्यावर दोन वर्षं नुसता बसून सुकला बिचारा. कपाशीच्या गावात जाझ कोण ऐकतंय!

बँडवाल्या हिलालने एकदा विचारलं, "तापीकाकी, साहेबांना कीबोर्डवर बसवू का?" मी त्याला झाडूनच काढला. गावचा जावई आणि वरातीत वाजवणार? गुजर समाजात नाक राहील का आमचं?

परवा माझ्या भाच्याचं, धीरजचं लग्न. तळोद्यात वरात निघाली आणि हिलालच्या कीबोर्डवाल्याचं बोट गाडीच्या दारात चेमटलं. झाला गोंधळ. मी वळून बघते तर जावईबापू बँडच्या स्पीकरगाडीवर, कीबोर्डपुढे!

सुरुवात आपल्याकडच्याच गाण्याने केली. मग त्या गाण्याला कुठे नेलं, देव जाणे. जरा ओळखीचं वाटतंय तोवर पुन्हा पसार. पोरं नाचून येडी झाली, प्रतिभा त्यांच्यात सगळ्यात पुढे. पण बँडचा कायदा असा, की गाणं संपल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आणि याचं गाणं संपेचना! पाऊण तास वरात एकाच पानटपरीसमोर. घोडा कंटाळला, नवरदेव घामाघूम. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली, नवरीकडून फोनवर फोन.

"अरे, उतरवा त्याला!" माझा भाऊ चुनीलाल ओरडला. उतरवणार कोण, कपाळ? जावयाला 'बंद कर' म्हणायची कोणाची टाप आहे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ठीक आहे बाबांनो, सासूच वाईट होऊ दे!

पदर खोचला आणि चढले गाडीवर. चांगली झापणार होते. विलेमने मान वर केली. शर्ट चिंब, डोळे भरलेले, आणि बाई गं, हसत होता! दोन वर्षांत त्याचे दात मी पाहिले नव्हते. मीच ना त्याला ओट्यावर बसवून ठेवला होता?

खालून चुनीलाल, "ताई, काय करी ऱ्हायनी? मुहूर्त टळी ऱ्हायना!"

"भटजीले सांग, दुसरा मुहूर्त काढ," मी वरूनच ओरडले. "मन्हा जवाई कामवर शे!"