जमिनीवर ठेवलेला हूक

मित्रांनो, मी एक जुना हूक आहे. हमालाच्या कमरेला असतो तसा, पोती ओढण्याचा. एका बाजूला बाभळीची मूठ, दुसऱ्या बाजूला वाकलेलं टोक. आखाडा बाळापूरजवळच्या एका बंजारा तांड्यावर, दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला मी कालपर्यंत टांगलेला होतो. तिथून समुद्र फार लांब आहे. माझा जन्म मात्र समुद्रकाठचा.

पूर्व किनाऱ्यावर एक बंदराचं शहर आहे. तांड्यावर सगळे त्याला नुसतं ‘बंदर’ म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. तिथल्या लोहाराने मोडीत निघालेल्या जहाजाच्या सळईतून मला घडवलं. मूठ फुलसिंगने बसवली, गावाकडून नेलेल्या बाभळीची. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर लादून समुद्राकडून मीठ आणत, असं तांड्यावर सांगतात. त्यामुळे इतक्या लांब जाताना त्याला परक्या मुलखात चाललो असं वाटलं नाही.

बंदरावर तेव्हा खताचे दोन कारखाने होते, सिमेंटची गोदामं होती, आणि धक्क्याला जहाज नाही असा दिवस नसे. फुलसिंगच्या टोळीत बारा हमाल होते. टोळीचा एक नियम होता. हूक एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, ज्याला हवा त्याने उचलायचा. हातातून हातात दिला तर दोघांत वितुष्ट येतं, असं ते मानत.

फुलसिंगने मला पोत्याच्या पोटात कधी खुपसलं नाही. शिवणीचा कोपरा, ज्याला हमाल कान म्हणतात, तेवढाच तो धरायचा. मुकादम अप्पाराव नव्या माणसांना सांगायचा, “इसको देखो. फुलसिंग बोरी से पूछकर हूक लगाता है.” सगळे हसत. मला ती शाबासकी वाटे.

एकोणीस वर्षं अशी गेली. मग खाडीत गाळ साचत गेला. मोठी जहाजं येईनाशी झाली. आधी एक कारखाना बंद पडला, मग दुसरा. चहावाले गेले, खानावळ गेली, भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागली. शेवटच्या दिवशी अप्पाराव म्हणाला, “बंदर फिर चालू होगा. बुलाऊँगा. हूक सँभालके रखना.”

फुलसिंगने ते खरं मानलं. तांड्यावर परतून त्याने हळद काढली, शिजवली, कापूस वेचला, पडेल ते काम केलं. पण दर सोमवारी तो मला खाली घ्यायचा आणि तेल लावायचा.

त्याची बायको रूपाबाई म्हणायची, “त्या लोखंडाला चोळता तेवढं तेल माह्या गुडघ्याला चोळा. मी तरी चालंन.”

शेजारचा लालसिंग जाता येता विचारायचा, “काय दादा, आलं का बोलावणं?”

“येऊन राहिलं,” फुलसिंग म्हणायचा.

त्याची मुलगी मिना कळमनुरीला शाळेत शिकवते. बापाला ती बापू म्हणते, आईला याडी. एके दिवशी तिने पेपरातली बातमी वाचून दाखवली. बंदरातला गाळ काढला होता. नवा धक्का झाला होता. कारखाने उघडले होते आणि शहरात राहायला खोली मिळत नव्हती.

“माणसं घेऊन राहिलेत का?” फुलसिंगने विचारलं.

पुढच्या ओळी मिनाने मनात वाचल्या होत्या. माल आता लोखंडी कंटेनरमधून जातो. धक्क्यावर पोतं दिसत नाही. ते तिने वाचून दाखवलं नाही.

“घेतील, बापू,” ती म्हणाली.

फुलसिंगने प्रवासासाठी नवी चप्पल घेतली. दोन वर्षं ती खोक्यातच राहिली.

मग डोंगरकड्याच्या एका व्यापाऱ्याकडे हळद भरायला कंटेनर आला. तो त्याच बंदराला जाणार होता. फुलसिंग मला कमरेला लावून निघाला. मिनाने त्याला स्कूटीवरून नेलं. तिथे भराईचं काम सुदाम बघत होता.

“काका, हूक राहू द्या.”

“काहून?”

“पोत्यावर लिहिलंय. भोक पडलं की माल वापस येतो.”

फुलसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने मिनाकडे पाहिलं.

“हूक वापरू नये,” मिनाने वाचलं.

“अन् बंदरावर?”

सुदाम हसला. “तिथं कोण पोत्याला हात लावतंय, काका? क्रेन हा डबा अख्खाच उचलून जहाजात ठेवती. माणूस वर बसून बटनं दाबतो.”

फुलसिंगने मला जमिनीवर ठेवलं. टोळीतलं कोणी असतं तर मला उचललं असतं. मग त्याने पोत्याचे दोन्ही कान हातांनी धरले आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. मी धुळीत पडून होतो. निघताना मिनाने मला उचललं.

रस्त्यात तो म्हणाला, “तुला ठावं होतं?”

“व्हय.”

“कवापासून?”

“दोन वर्षं झाली.”

तांड्याचं वळण आलं. मग तो म्हणाला, “तवाच सांगितलं असतंस, तर तेल तुह्या याडीच्या गुडघ्याला गेलं असतं.”

मिना हसली नाही. तोही हसला नाही. त्यानंतर त्याने मला तेल लावलं नाही.

पौषात फुलसिंग गेला. दिवसकार्यासाठी मागून आणलेली भांडी मिनाने ज्याची त्याला परत केली. सतरंज्या झटकून घड्या घातल्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी कागदांच्या झेरॉक्स काढल्या. आलेल्या सगळ्यांना चहा दिला. खोक्यातली चप्पल तिने उघडून पाहिली आणि झाकण लावलं.

मित्रांनो, माझ्या टोकाला आता गंज धरला आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. लोखंड गंजतंच. पण घरातलं एखादं माणूस कशाची तरी वाट पाहत असेल आणि ते येणार नाही हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि सांगा. माझी निगा अकरा वर्षं कोणी चुकवली नाही. तेवढं एक सांगायचं राहून गेलं.

काल मिना कळमनुरीला परत निघाली. रूपाबाईने मला खिळ्यावरून काढून तिच्यापुढे धरलं.

“घे. भंगारात जायचा न्हाई तर.”

“हातात देऊ नको, याडी. खाली ठेव.”

रूपाबाईने मला उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवलं. दोघी उभ्या राहिल्या. बाळापूरची जीप हॉर्न वाजवत होती. मग मिना वाकली.