एकविसाव्या मिनिटाला आलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. नळी म्हटलं की तुम्हांला अंगणात पाणी शिंपायची नळी आठवेल. ती मी नव्हे. मी काचेची आहे, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, आणि जन्मले तेव्हा चांगली तीस मीटर लांब होते. मोडू नये म्हणून माझ्या अंगावर तपकिरी लेप दिला आहे आणि एका गोल चौकटीवर मला गुंडाळून ठेवलं आहे. वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या भट्टीत माझा मुक्काम असतो. स्वभाव म्हणाल तर भारी चौकस. आला-गेला कोण, थांबला किती, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझं कामही तेच आहे. कुणी भाजी आणून देतं. तिचा अर्क काढतात आणि त्याच्या थेंबाचा जेमतेम पन्नासावा भाग सुईने माझ्या तोंडाशी सोडतात. तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि हेलियम वायू तिला माझ्यातून पुढे ढकलतो. माझ्या आतल्या बाजूला एक पातळ थर आहे. काही पदार्थ त्याच्याशी गप्पा मारत रेंगाळतात, काही मान खाली घालून सरळ निघून जातात. म्हणून एकत्र शिरलेली मंडळी बाहेर पडताना वेगवेगळी होतात. बाहेर पडायच्या दाराशी माझा शेजारी, दुसरं एक यंत्र, बसलेला असतो. तो प्रत्येकाचे तुकडे करतो, ते तुकडे वजनाने ओळखतो आणि नाव सांगतो. कोण केव्हा आला हे मी सांगायचं, तो कोण हे त्याने सांगायचं.

मला इथे बसवलं मधुकररावांनी. ते इथले जुने तंत्रज्ञ. “आधी वायू, मग आच,” असं ते भट्टी सुरू करताना रोज स्वतःशीच म्हणायचे. वायू नसताना मला तापवलं तर आतला थर जळून जातो, म्हणून ही काळजी. माझं तोंड मळलं की ते वीतभर तुकडा कापून टाकत आणि काप सरळ आला का, हे भिंगातून पाहत. पहिल्यांदा कापलं तेव्हा मला रडू आलं. नंतर कळलं की तुकडा गेला की मला पुन्हा स्वच्छ दिसू लागतं. ते निवृत्त झाले आणि दीड वर्ष मी कपाटात खिळ्याला लटकत राहिले. कुणी विचारलं नाही. पण जाताना त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना रबराचे तुकडे खोचले होते, म्हणून हवा आत शिरली नाही आणि मी वाचले. पुढे रंजिता नावाची मुलगी त्यांच्या जागेवर आली. तिने मला खाली उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत भट्टीत बसवलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आंजी गावच्या कोकिळाबाईंनी पालकाच्या जुड्या तपासायला आणल्या. त्यांच्या गटातल्या अकरा बायका एका वसतिगृहाला भाजी देत. भाजीवर औषध नसल्याचा कागद मिळाला तरच पुढचं वर्षभर भाजी घेऊ, असं वसतिगृहाने सांगितलं होतं. पालक माझ्यातून गेला आणि एकविसाव्या मिनिटाला एक पाहुणा बाहेर पडला. शेजाऱ्याने नाव सांगितलं, प्रोफेनोफॉस. हे कपाशीवरच्या अळीचं औषध.

कोकिळाबाई चिडल्या. “आमी त् फवाराच मारला नाई. मंग थे औषध आलं कुठून? तुमची मशीनच म्हातारी झाली असन. अकरा बायाइची मेहनत आहे, मॅडम.”

“तुम्ही खोटं बोलून राहिल्या असं मी म्हणत नाही, मावशी,” रंजिता म्हणाली. “पण मले आधी मशीन पाहू द्या.”

खरं सांगू का, मित्रांनो? मला धडकी भरली. मीच मळले असेन आणि कालचा पाहुणा आज दाखवत असेन तर? रंजिताने भाजी न घालता नुसता द्रावक सोडला. एकविसावं मिनिट आलं आणि गेलं. कुणी आलं नाही. तरी तिने माझं वीतभर टोक कापलं आणि तोच पालक पुन्हा सोडला. पाहुणा आलाच, आधीपेक्षा ठसठशीत. मी निर्दोष ठरले, पण आनंद काही झाला नाही. आता कोकिळाबाई खोट्या ठरणार होत्या.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. डोक्यावर टोपली आणि टोपलीवर ओलं पोतं. भट्टीचं दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. रंजिता पोत्याकडे पाहत राहिली.

“हे कोणतं पोतं आहे, मावशी?”

“त्याले काय पाहता? भाजी सुकू नाई म्हून झाकतो आमी. कपाशीची पराटी फवारली का आमचे घरधनी फवाऱ्याचा पंप यातच गुंडाळून ठेवते. मी धुतो ना मंग.”

बोलता बोलता त्यांनी ते पोतं झटकन टोपलीवरून काढलं.

रंजिताने पोत्याचा बोटभर तुकडा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाबाईंनी वाफ्यातून खुडलेला पालक नव्या पिशवीत घालून थेट आणला. पोत्याचा अर्क गेला तेव्हा एकविसाव्या मिनिटाला पाहुण्यांची जत्राच लोटली. मग मला रिकामं चालवून स्वच्छ केलं आणि वाफ्यातला पालक सोडला. इतक्या अधीरतेने मी कुणाची वाट पाहिली नव्हती. एकविसावं मिनिट सरलं, बाविसावं सरलं. पाहुणा आला की यंत्राच्या पडद्यावरची रेघ उसळते; ती सपाट राहिली.

कोकिळाबाईंनी पडद्यावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “म्हंजे तुमची नळी खोटी नाई, अन् मी बी खोटी नाई.”

रंजिताने कागदावर सही केली.

आता मी चोवीस मीटर उरले आहे. कापता कापता एक दिवस संपेन. तोवर माझं एवढं ऐका. मला तापवण्याआधी वायू सोडा, काढून ठेवलं तर टोकं झाका आणि कुणाचं नाव घेण्याआधी मला एकदा रिकामं चालवून पाहा. भाजीवर काय आहे ते मी सांगेन. ते कुठून आलं, हे मात्र तुम्हीच विचारायचं, आणि मायेने विचारायचं.

कोकिळाबाईंचा पालक अजूनही तपासायला येतो. टोपलीवर नवं पोतं असतं. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी हिरव्या दोऱ्याने पालकाचं एक पान शिवलं आहे, घरात कुणी चुकूनही त्यात पंप गुंडाळू नये म्हणून.