दाराआडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी, पण फारशी न वापरलेली. नाशिकला गंगापूर रोडजवळच्या घरात आले, तेव्हा वाटलं होतं, आता खूप फिरायचं. पण माझी घडी झाली ती दाराआड. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

मला मंजुषाताईंनी विकत आणलं. त्या कॉलेजच्या कार्यालयात कारकून. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबड्या. त्यांचे वडील मल्हारीअण्णा ओझरच्या कारखान्यात होते. अंगणात लोखंडी पाइप रोवून त्यांनीच लेकीला चालायला शिकवलं. म्हणून मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "एकदा बसलीस की उठायची नाहीस, मंजू," एवढंच ते म्हणाले. ताईंनी मला मिटून ठेवलं.

कॉलनीत ताईंचं फार कौतुक. "जिद्द असावी तर अशी!" ताई हसायच्या. घरात आल्या की मात्र कॅलिपर सोडून फरशीवरच आडव्या व्हायच्या. त्यांचे सोललेले तळहात मला दिसायचे. मला चाकं होती, पण त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी शेजारच्या आशाकाकू आल्या. "मंजू, एक मे, महाराष्ट्र दिनाला कॉलनीत तुझा सत्कार! स्टेज उंच आहे, पण तू काय, चढशीलच!"

त्या गेल्यावर ताई म्हणाल्या, "अण्णा, मला नाही चढायचं."

"इतकी वर्षं चाललीस, आता काय झालं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून चालले. आता खांदे साथ देत नाहीत हो. मी दमायचंच नाही का कधी?"

 अण्णा उठले, माझ्यावरचे टॉवेल काढले आणि सायकलच्या पंपाने माझ्या चाकांत हवा भरू लागले.

संध्याकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो. कोपऱ्यावर बहावा फुलला होता. ताईंनी मान वर केली. "मला खाली पडलेल्या पाकळ्याच ठाऊक, अण्णा. चालताना नजर रस्त्यावरून हलवता यायची नाही."

समोरून आशाकाकू आल्या. "अगं, चालणं सोडलंस?"

"दमलेय, काकू."

"बसू दे तिला," अण्णा म्हणाले.

ताईंना गोदाकाठी जायची फार ओढ आहे. मलाही. पण फूटपाथला उतार नाही, आणि जिथे आहे तिथे गाड्या उभ्या. मित्रांनो, आम्ही दिसलो तर जिद्दीचं कौतुक करू नका. तुमची स्कूटर तेवढी बाजूला घ्या.