लायक उमेदवार मिळाला नाही

गोदामात सगळे त्याला दाजी म्हणत. कोणाचा दाजी, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. परमुलखातल्या माणसाला नाव असलं काय नि नसलं काय, ट्रकमधून खोकी उतरवायला दोन हात असले की झालं. त्याचा ध्यास एकच होता: इथं कायम राहायची परवानगी मिळवायची आणि बायको-मुलीला घेऊन यायचं. मध्यंतरी लेक फोनवर त्याला 'काका' म्हणाली, तेव्हापासून तो रोज मालकाच्या मागे लागला होता.

मालक कागद करायला तयार होता, पण कायदा आडवा येत होता. आधी दाजीच्याच जागेची जाहिरात द्यायची, इथलं कोणी लायक मिळालं नाही तरच बाहेरचा माणूस ठेवायचा.

"परीक्षा तूच घे," मालक म्हणाला. "कोणाला पास करायचं ते तुझं तू बघ."

दाजी काय ते समजला.

पहिल्या दोघांना त्याने थंड खोलीत जड पेट्या रचायला लावल्या. जेवायला म्हणून गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. मग एक चाळिशीची काटक बाई आली. "नवरा अंथरुणाला खिळलाय, घर माझ्यावर आहे," एवढंच बोलली आणि कामाला लागली. थंड खोलीतलं काम तिने हसत उरकलं. नंतर आलेल्या मालाची खालची खोकी ओली होती. दाजीच्या ते ध्यानात आलं नाही, तिच्या आलं.

"दाजी, माल मिळाल्याची सही करू नका. नुकसान तुमच्या माथी मारतील," ती हळूच म्हणाली.

दाजीला तिचा इतका राग आला की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

ती चहाला गेली तेव्हा त्याने पुढच्या थप्पीभोवती गुंडाळलेलं प्लास्टिक मागच्या बाजूने कापलं.

परत येऊन तिने ती थप्पी हातगाडीवर घेऊन ओढली. ट्रक आणि गोदामाच्या ओट्याच्या मधल्या लोखंडी पट्टीवर चाक आदळलं, थप्पी कलली. "सरका," ती ओरडली आणि शेजारी उभ्या दाजीला तिने ढकललं. ढकलणारा हातच खोक्यांखाली सापडला.

मालक धावत आला. त्याने कापलेलं प्लास्टिक निरखून पाहिलं, चुरगळून कचऱ्यात टाकलं आणि गाडी बोलावली. बाईची बोटं चेचली होती. गाडीत बसताना ती दाजीला म्हणाली, "मालकांना सांगा, चूक माझीच. हळू ओढायला हवं होतं. जागा ठेवतील ना?"

"सांगतो," दाजी म्हणाला.

यथावकाश परवानगी आली. फोनवर बायकोला रडू आवरेना.

"अहो, त्या जागेवर दुसरं कोणीच आलं नाही?"

"आली होती माणसं. कामाची कोणी नव्हती."

"देवानेच राखून ठेवली बघा तुमच्यासाठी."

"हो," दाजी म्हणाला, आणि तोवर त्यालाही ते खरंच वाटू लागलं होतं.