पाय थांबू न देणारी

बोलतेय ती मी, एका गिअरची सायकल. एकच गिअर म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर कीव येते. गरीब असेल बिचारी, असं वाटतं त्यांना. तसं काही नाही. एकेकाळी मला चांगले मूठभर गिअर होते. ते काढून घेतले आणि वर मलाच सांगितलं की तू आता फार आधुनिक झालीस. मी ते खरं मानलं. कुणी दोन शब्द कौतुकाचे बोललं की मी काहीही काढून देते.

साध्या सायकलीवर तुम्ही पाय थांबवलेत तरी चाक आपलं फिरत राहतं. माझ्यात ती सोय नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय. उतारावर निवांत बसून वारा खायचा असेल तर दुसरी सायकल बघा. शहरातले काही हौशी लोक अशा सायकली स्वतःच्या हाताने जोडतात आणि त्यावर तासन्‌तास बोलतात. चालवतात किती, ते मी सांगणार नाही. आपल्याच जातीची बदनामी कशाला?

मी जन्मले तेव्हा आकाशी रंगाची होते. एका घरातल्या थोरल्या मुलीला कॉलेजात जायला मला आणलं. घरात तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई कॉलेजात गेली, मग एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि दोन्हीकडे मी तिच्याबरोबर. ती चढावर माझ्याशी बोलायची. म्हणजे शिव्याच द्यायची, पण प्रेमाने.

मग तिचं लग्न झालं. नवं घर लॅबच्या अगदी जवळ, चालत जाण्यासारखं. मी तिच्या आईच्या घरी जिन्याखाली राहिले. आपण कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून उभ्या आहोत, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या वाळत घालत आणि सीटवर कांद्यांची पिशवी ठेवत. पण वाट पाहणारी म्हणवून घ्यायला काय लागतं?

ताईचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. हाताला बारीक कामाची सवय, त्यामुळे जगातलं कुठलंही काम आपल्याला जमेल अशी त्याची खात्री. त्याने कुठेतरी एका गिअरची सायकल पाहिली आणि त्याच्या डोक्यात ती शिरली. एका रविवारी त्याने माझ्या अंगावरची पिशवी उचलली, मला गच्चीत नेलं आणि उलटी केली.

"ताईला विचारलंस का?" आईने खालून विचारलं.

"तिला काय करायचीय आता?" तो म्हणाला.

गिअर गेले, केबली गेल्या, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, घंटी, सगळं एका बादलीत जाऊन पडलं. आकाशी रंग खरवडून त्याने मला काळा कुळकुळीत रंग दिला. मला वाटलं, वा, आपण सडपातळ दिसतोय. आईने पाहिलं आणि म्हणाली, "आजारी आहे का ही?"

मग खरी गंमत सुरू झाली. मागच्या चाकाला दात्यांची चकती बसवायची आणि ती निसटू नये म्हणून वरून एक कडी आवळायची. या कडीचे आटे उलटे असतात. गडी जितका जोर लावून आवळत होता तितकी ती सैल होत होती. तो घामाघूम झाला, तरी पाना सोडेना. शेवटी कडी त्याच्या हातात आली, तेव्हा जरा वेळ तिच्याकडे बघत बसला. मग इकडेतिकडे बघून कुणी पाहिलं नाही ना याची खात्री केली. मी पाहिलं होतं. पण तेव्हा मला चाकंच नव्हती, तोंड कुठून असणार?

पुढची चकती आणि मागची चकती एका रेषेत आली नाही तर चेन उडते. माझी उडाली. काचेतला केसाएवढा फरक ओळखणारा हा माणूस, त्याने मला बोटभर वाकडी जोडली होती. त्याने पुन्हा सगळं खोललं. चाकांची आऊट काढली, म्हणजे एकेक तार आवळून चाक डुलायचं थांबवलं, आणि त्यात मात्र तो खरंच तरबेज निघाला. चाक इतकं सरळ फिरू लागलं की मला स्वतःचा मोह पडला.

ब्रेक लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. पायांनीच वेग आवरायचा, त्यातच खरी कला, वगैरे. आई दारात उभी राहिली.

"ब्रेक नसलेली वस्तू या दारातून बाहेर जाणार नाही."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"मला पडण्यातलं कळतं."

पुढच्या चाकाला ब्रेक लागला. माझी ऐट तिथेच निम्मी झाली. पहिल्याच फेरीत कोपऱ्यावर गड्याने सवयीप्रमाणे पाय थांबवले. मी कुठली थांबायला? पायडलने त्याला असं उचलून दिलं की तो शेजारच्या कुंपणाच्या मेंदीत जाऊन बसला. तरी दोन आठवड्यांत आमचं जमलं. तो मला दुकानाबाहेर दिसेल अशी टेकवून ठेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून. विचारायचं कुणीच नाही. एका म्हातारबाबांनी विचारलं, तेही "बाकीची सायकल चोरीला गेली का?" असं.

आणि मग एका शनिवारी ताई आली.

लॅबमध्ये काउंटरवर मशीन बसलं होतं. ताईला सांगण्यात आलं की काउंटरचं काम संपलं; हवं तर घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम आहे, वाहन स्वतःचं. इतकी वर्षं ज्या खुर्चीवर बसली तिच्यावर आता दुसऱ्याच कुणाची पर्स होती. हे तिने आईला सांगितलं ते हसत हसत, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाली, "माझी सायकल काढते. सोमवारपासून सुरू करायचंय."

मी भिंतीला टेकून समोरच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. ओळखलंच नाही तिने मला. इतकी मी आधुनिक झाले होते.

धाकट्याने सांगितलं तेव्हा ती उठून माझ्यापाशी आली. सीटखालच्या नळीवरून बोट फिरवलं.

"रंगसुद्धा ठेवला नाहीस."

"मी होती तशी करून देतो, ताई. उद्याच्या उद्या."

"विचारलं असतंस तर दिली असती रे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. धाकटा मान खाली घालून बादली शोधायला गेला.

रविवारी ती पुन्हा आली तेव्हा तो गच्चीत फडकं पसरून बसला होता. गिअरचं यंत्र त्याने कुतूहलापोटी खोलून ठेवलं होतं. खोलताना त्यातली एक स्प्रिंग उडून कठड्यावरून खाली गेली होती, ती कुणाच्या परसात पडली देव जाणे. त्याने सकाळपासून सगळं जोडून पाहिलं होतं. यंत्र दातखीळ बसल्यासारखं घट्ट मिटलेलं. हात काळे, डोळे लाल. ताई बराच वेळ पायरीवर बसून बघत होती.

मग तिने विचारलं, "ही चालवतात कशी?"

त्याने मान वर केली. "पाय थांबवायचे नाहीत. एवढंच."

"ते मला येतं," ताई म्हणाली.

खालच्या आवारात तिने सुरुवात केली. मी तिलाही दोनदा उचलून दिलं. जुनी ओळख वगैरे माझ्या चेनला कळत नाही. धाकटा मागून सीट धरून पळू लागला.

"सोड," ती म्हणाली. "तू धरलंस की मला कळत नाही ही कुठे ढकलतेय ते."

तिने संध्याकाळपर्यंत गोल गोल फेऱ्या मारल्या. अंधार पडायच्या आत धाकट्याने बादलीतून कॅरिअर काढून माझ्यामागे बसवलं. मग मडगार्ड. मग घंटी. आरशात पाहायची सोय असती तर मी डोळे मिटून घेतले असते. एका गिअरची, काळी, सडपातळ, आणि कमरेला कॅरिअर: लग्नाच्या कपड्यांवर गमबूट घातल्यासारखी.

सोमवारी सकाळी ताईने नमुन्यांची गार पेटी कॅरिअरला बांधली. आम्ही निघालो. पहिली तीन घरं नीट झाली. माझ्यात धक्का कमी, वेग पायाच्या ताब्यात, त्यामुळे पेटीतल्या नळ्या हलत नव्हत्या. मी मनात म्हटलं, बघा, मला उगाच नावं ठेवत होते. एवढ्यात पूल आला.

चढ आम्ही हिमतीने चढलो. उतारावर मात्र वेग वाढला, पायडलं गरगरू लागली आणि ताईचे पाय माझ्यामागे धावू लागले. पेटी कडकड वाजली. घाबरून पाय उचलले असते तर संपलं होतं. तिने उचलले नाहीत. ब्रेक हळूहळू दाबत, दात ओठांत रुतवत, तिने मला उताराच्या तळाशी आणून थांबवलं. आईचा तो ब्रेक. माझ्या ऐटीवरचा डाग म्हणत होते मी त्याला.

ती धापा टाकत उभी असतानाच मागून खडखडाट आला. धाकटा. काळजीने राहवलं नाही, म्हणून त्याने अर्धी रजा टाकली होती आणि हाताला लागली ती सायकल घेतली होती, शेजारच्या शाळकरी पोरीची, गुलाबी. गुडघे हँडलवर आपटताहेत, टाय खांद्यावरून मागे उडतोय. त्या सायकलीचा ब्रेक चालत नव्हता. आमच्या बाजूने तो सुसाट गेला, जाताना "ताई, सावकाश" एवढं म्हणाला, आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात शिरला.

ताई हसू लागली. नोकरीचं ते कळल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसत होती, पोटाला हात लावून, डोळे पुसत. मग तिने मला खांबाला टेकवलं, पेटीवरच्या पिशवीतून कापूस आणि औषध काढलं आणि वाळूत त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याचं कोपर सोलवटलं होतं.

"ताई, खरंच चुकलं माझं."

"रागावलेय मी अजून," ती म्हणाली. "हात सरळ कर."

तेव्हापासून मी ताईकडेच आहे. धाकटा दर रविवारी येऊन माझी चेन ताणतो, आऊट काढतो आणि जाताना तिला विचारून एक फेरी मारतो. सिग्नलला कधी माझ्या जातीच्या उघड्यावाघड्या, ब्रेक नसलेल्या सायकली भेटतात. त्यांचे मालक माझ्या कॅरिअरकडे, मडगार्डकडे बघून एकमेकांना खुणावतात. मी दुसरीकडे बघते. आमच्या पेटीत कुणाच्या तरी आजोबांची साखर असते, कुणाच्या तरी लेकीची काळजी असते. वेळेत पोचायचं असतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मागून घंटी ऐकू आली तर जरा बाजूला व्हा. ताईच्या पायांवर माझा पूर्ण भरवसा आहे. माझ्यावर तिचा किती आहे, ते मी अजून विचारलेलं नाही.