पावनीचा विषय

कृष्णवेणीबाईंचा लोकसाहित्य विभाग बंद होणार, हे सांगायला विश्वेश स्वतः त्यांच्या अग्रहारातल्या, जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या घरी आला. एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, आता त्या शिकवत त्याच म्हैसूरच्या खाजगी विद्यापीठात परदेशी करार बघणारा डायरेक्टर. दोघंही तिथल्या जुन्या मराठी घरांतले, म्हणून बोलणं घरच्या भाषेत झालं.

"अय्यो मॅडम, मी काय करू? बाहेरचं विद्यापीठ येतंय. त्यांना डेटा सायन्सला तुमचा मजला पाहिजे. लोकगीतं शिकायला फी कोण भरतंय, सांगा."

"आणि पावनी?"

पावनी म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणची. तंबाखूची पानं निवडताना बायका जी गाणी म्हणतात, त्यांवर ती बाईंकडे पीएच.डी. करत होती.

"तिचं पुरं होऊ देतो, सरी ना, ठीक? तुम्ही मात्र मॅनेजमेंटकडे या. 'भारतीय संस्कृती आणि संवाद' म्हणून नवा कोर्स आहे, कंपन्यांसाठी. तुम्ही हो म्हटलं तर वरच्यांना समजावता येईल मला."

बाईंना शिसारी आली. तरी पावनीसाठी त्यांनी होकार दिला. नव्या सत्रात त्या परदेशी मॅनेजरांना केळीच्या पानावर जेवायची रीत शिकवू लागल्या. मॅनेजर टाळ्या वाजवत.

महिन्याभरातच पावनीची नोंदणी रद्द झाली. बाई तडक विश्वेशच्या केबिनमध्ये गेल्या.

"गाईड त्याच विषयाच्या विभागात पाहिजे, मॅडम. नियम आहे. आणि कागदावर बदली तुम्ही स्वतः मागितलीत."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता." त्याने मान वर केली नाही. "तंबाखूचं मार्केटिंग घेऊ दे तिला. स्कॉलरशिप मिळवून देतो."

बाई बाहेर आल्या तर पावनी दाराशीच उभी होती. बाईंच्या सहवासात मराठी समजू लागलेल्या तिने सगळं ऐकलं होतं.

"मला न विचारता हो म्हटलंत?" ती कन्नडमध्ये म्हणाली.

"तुझ्यासाठीच गं."

"नाही म्हटलं असतंत तर दोघी मिळून भांडलो असतो."

"तू घरी येत जा. मी शिकवीन."

"आणि डिग्री? ती नसली तर मला कुठलं कॉलेज घेईल?"

पावनीने डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि विश्वेशच्या केबिनचं दार ढकललं. "सर, मार्केटिंगचा गाईड कोण?" तिचा आवाज बाहेर ऐकू आला. विश्वेश मोठ्या आपुलकीने म्हणाला, "ये, बस."