तळ्याकाठची वीस पावलं

गाठ अर्धं बोट सरकली होती. घामाने काळी पडलेली, दोघांनी एकेक टोक धरलेल्या दोरीची ती जाडसर गाठ एरवी त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी यायची आणि आज उजव्या तळहाताच्या मधोमध बोचत होती, कारण आज ताई दुसऱ्या बाजूने पळत होती... कारण तिच्या उजव्या मनगटाला अजून दोन महिने हिसका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं... कारण — पण त्या कारणापर्यंत तो आला की दरवेळी कुठल्या तरी दगडाकडे बघायचा.

"दगड. डावीकडे. नाही — उजवीकडे, तुझ्या उजवीकडे."

"कळलं. थँक यू हं," ताई म्हणाली.

बाजू बदलली तर तिच्या बाहेरच्या अंगाचं सगळं उलटं सांगावं लागतं, हे त्याला घरून निघताना सुचलंच नव्हतं. सोळा वर्षं दर रविवारी हीच वाट. बस शेतांपाशी सोडते, तिथून बांधाबांधाने टेकडी, मग जंगल, मग उतार, आणि उताराच्या शेवटी तळं. सात किलोमीटर. पस्तिशीत ताईचे डोळे गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं, आणि वर्षभराने तिने घरी जाहीर केलं की बाकी काहीही सोडीन, पळणं सोडणार नाही. पळणार कोणाबरोबर? सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. धाकटा भाऊ, पंपांच्या कारखान्यात फिटर, तब्येत ठणठणीत. पळायची आवड मात्र शून्य. आणि बोलायची त्याहून कमी. लहानपणी ताईनेच त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. कारखान्यात ते खपून जातं. यंत्रांच्या घरघरीत बोलतो कोण? पण इथे त्याला बोलावं लागायचं. आधी धोका, मग देखावा, असा ताईचा नियम. पहिल्याच रविवारी त्याने नुसते धोके सांगितले तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, नुसते खड्डे काय सांगतोस? खड्ड्यांसाठी कोण पळतं का?"

मग तो देखावा सांगायला शिकला. म्हणजे काय, तर "पाणी निळं आहे." कसलं निळं? "आपण पंपाला रंग देतो तसलं." ताई हसून हसून थांबली होती. हळूहळू जमायला लागलं. धुकं, पानांतून पडणारं ऊन, कुंपणावर ओळीने बसलेले पक्षी, शेळ्या. दिसलं की सांगायचं. दिसता दिसताच सांगायचं, नाहीतर मागे पडतं. हे त्याला कुणापाशी कधी बोलता आलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही, की गेली सोळा वर्षं त्याने इथली एकही गोष्ट नुसती बघितलेली नाही. डोळ्यांत शिरायच्या आत ती तोंडातून बाहेर गेलेली असते. मी तक्रार करत नाही, असं तो स्वतःला सांगायचा. कसली तक्रार करणार? माझे डोळे शाबूत आहेत, हीच केवढी गोष्ट... पण तो दमला होता.

"फांदी. वाक. झालं."

"थँक यू रे."

हे थँक यू. पूर्वीची ताई असं काही म्हणणारी नव्हती. तिचा कंपास त्याने मोडला तेव्हा तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला होता की आईच मधे पडली. चिडायची, कान पिळायची, आठ-आठ दिवस अबोला धरायची. डोळे गेले आणि ते सगळं थांबलं. तो उशिरा आला, "असू दे." त्याने रस्ता चुकवला, "होतं असं." त्याच्या बायकोजवळ म्हणायची, बिचारा किती करतो गं माझं. ते ऐकलं की पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं त्याला अवघडायला व्हायचं. सख्खी बहीण, आणि तिच्यासमोर नीट बसून राहावं लागतं.

जंगल संपत आलं. पायाखालची माती ओलसर झाली. उतार सुरू झाला होता आणि उताराखाली ती जागा होती.

दहा आठवड्यांपूर्वी तिथे तो गप्प बसला होता. लक्ष उडालं, डुलकी आली, पाय घसरला, असलं काही नव्हतं. वळणावर तळं समोर आलं आणि तोंड उघडता उघडता त्याने ते मिटलं. एवढं एक मला राहू दे, असं मनात आलं. शब्दांत आलं नसेल, पण आलं. वीस पावलं फार तर. मग ताईचा पाय झाडाच्या एका मुळात अडकला, ती हातावर पडली, आणि मनगटाचा आवाज त्याने ऐकला. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? ताई म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." तो शेजारी उभा होता, हातात तिची पिशवी, तिचे बूट.

"मूळ," तो म्हणाला. आवाज फाटला. "पाय उचल. अजून एक. झालं."

"थँक यू," ताई म्हणाली, आणि त्याचे पाय थांबले.

दोरी ताणली गेली. तीही थांबली. "काय रे? धाप लागली?"

"ताई, त्या दिवशी मूळ मला दिसलं असतं. मी बघत नव्हतो. म्हणजे बघत होतो... तळं बघत होतो. तुला सांगायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो होतो."

"सांगायचं नव्हतं म्हणजे?"

"एकट्याला बघायचं होतं."

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आता म्हणेल, असू दे. आता म्हणेल, होतं असं, तू तरी किती करशील... आणि ते ऐकायला लागलं तर मी काय करू, असं त्याला झालं.

"गाढवा," ताई म्हणाली.

त्याने मान वर केली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"दहा आठवडे! दहा आठवडे मी घरातल्या जिन्याला घाबरत होते, ठाऊक आहे तुला? मला वाटलं, डोळे गेले ते गेले, आता पायांचाही अंदाज गेला. रोज रात्री ते मूळ आठवायचं, की मला का नाही कळलं, का नाही कळलं. शेजारणीकडून वेणी घालून घेत होते. पळणं बंद करायचं ठरवलं होतं मी! आज शेवटची म्हणून आले होते. आणि तू मला सफरचंदं आणून देत होतास! ढिम्म समोर बसून सोलून देत होतास!"

"चुकलं, ताई."

"चुकलं काय चुकलं! आणि असं होतं तरी काय बघण्यासारखं?"

तो आठवू लागला. "सगळं तळं वाऱ्याने हलत होतं. मधला एक पट्टा हलत नव्हता. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"मेल्या, एवढ्यासाठी!" तिचा आवाज चिरकला. मग तिने दोरीला डाव्या हाताने असा जोरात झटका दिला की त्याचा खांदा दुखला. "चल. पळ. माझ्याशी बोलू नकोस. फक्त खड्डे सांग."

ती पळायला लागली. तिच्या वेगाशी वेग जुळवताना त्याची तारांबळ उडाली. खड्डा. दगड. उजवीकडे चिखल. तिने हूं की चूं केलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. अबोला धरलेली शाळकरी ताई, केस पांढरे झालेली. त्याला शरम वाटत होती, जिन्याची गोष्ट आता मनातून कधी निघेल असं वाटत नव्हतं, आणि तरी — हे कसं सांगावं — छाती मोकळी झाली होती. पुढच्या रविवारी ती येणार का, हे विचारायची सोय नव्हती. बोलायला बंदी होती.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी होडी पालथी घालून तिचं बूड खरवडत होतं. वरच्या टेकडीच्या निम्म्या अंगावर ऊन आलं होतं आणि निम्म्यावर नव्हतं. दोन बदकं पाण्यातून चालली होती, त्यांतलं एक सारखं मागे राहत होतं. ताईला हे आवडलं असतं. "दगड," तो म्हणाला, आणि बाकीचं सगळं जिभेवर दाबून धरलं. ती बदकं, ती होडी, ते ऊन, एकातलं एक सांडू नये म्हणून तो मनात पुन्हा पुन्हा घोकत राहिला, कारण ती कधी ना कधी विचारेल, निदान विचारावं, मग बसस्टॉपवर असो नाही तर पुढच्या वर्षी, आणि तेव्हा मला काही म्हणजे काही विसरलेलं चालणार नाही.